खांबांना झबली घालणाऱ्या इंदूताई

इंदूताई राऊत यांची आणि माझी पहिली भेट कुरबुरीची होती, हे या गौरवग्रंथात आधीच कबूल केलेलं बरं. अमरावतीच्या आमच्या मुलींच्या शाळेत मी गणित शिकवायचो. वार्षिक परीक्षा जवळ आली की शिवण-विणकामाचा तास गणिताला द्यायचा, अशी तिथली जुनी वहिवाट. शिवण-विणकाम शिकवायला ताई नव्यानं रुजू झाल्या त्या वर्षी मी त्यांचा तास दोनदा न विचारता घेतला. तिसऱ्यांदा वर्गात शिरलो, तर बाई शेवटच्या बाकावर सुया-लोकर घेऊन बसलेल्या.

"बाई, हा तास आज माझ्याकडे आहे," मी म्हणालो.

"हो नं सर, शिकवा तुमी. मी माह्या तासाले बसली हाये."

मुली खुदखुदल्या. मी कसाबसा तास पुरा केला. दुसऱ्या दिवशी ताईंनीच येऊन पुढच्या आठवड्याचे दोन तास मला देऊ केले. म्हणाल्या, "मागून घेतलं तं कोण नाही म्हणते?" तेव्हापासून मी त्यांना विचारल्याशिवाय काही केलं नाही, आणि आमचा स्नेह आजतागायत टिकून आहे.

ताईंच्या ज्या कामासाठी आज सगळं वऱ्हाड त्यांना ओळखतं, ते निवृत्तीनंतर सुरू झालं. त्यांच्या भाचीनं मोबाइलवर एक छायाचित्र पाठवलं. परदेशातल्या कुठल्याशा गावात दिव्याच्या खांबाला कोणीतरी रंगीत स्वेटर घातला होता. ताई दिवसभर हसत होत्या, आणि ज्याला त्याला ते छायाचित्र दाखवत होत्या. महिनाभरात त्यांच्या ओसरीवर आठ जणी विणायला बसू लागल्या. समोरच्या सार्वजनिक बागेचा कठडा, दोन बाक आणि दारापाशी लावलेली कडुनिंबाची पाच रोपटी एवढं सजवायचं ठरलं. आमच्याकडे मे महिन्यात पाखरंसुद्धा सावली सोडत नाहीत. अशा गावात लोखंडाला लोकर नेसवायची, यावर गल्लीत पुष्कळ विनोद झाले. सर्वांत मोठ्यानं ताईच हसल्या.

त्याच सुमाराला मला अर्धांगवायूचा झटका आला. जीव वाचला, पण उजवा हात लुळा पडला. ज्या हातानं तीस-बत्तीस वर्षं फळ्यावर वर्तुळं काढली, त्या हातात चमचा धरवेना. मी घराबाहेर पडणं सोडलं. कोणी भेटायला आलं की झोपेचं सोंग घ्यायचो.

ताई आल्या आणि सोंग संपेपर्यंत बसून राहिल्या. शेवटी मी डोळे उघडले. त्यांनी माझ्या हातात क्रोशाची जाड सुई आणि पिवळी लोकर ठेवली.

"बाई, हे बायकांचं काम मला कसं जमणार?"

"सुईले काय समजते बाई कोण अन् बाप्या कोण? तुमाले मोजता येते नं? मंग टाके मोजा."

त्यांनी मला साखळी शिकवली, मग मुका खांब, मग खांब. विणकामाच्या टाक्यालाही खांब म्हणतात, हे मला निवृत्तीनंतर कळलं. पहिल्या आठवड्यात तीन टाके झाले. दोन महिन्यांत वीतभर पट्टी झाली. ती सरळ नव्हती, एका बाजूला फुगलेली होती. ताईंनी ती उसवू दिली नाही. कठड्याच्या अगदी मधोमध, सगळ्यांना दिसेल अशी बांधली. ती बघायला मी पहिल्यांदा घराबाहेर पडलो. बाकावर एक अनोळखी आजोबा माझ्या पट्टीवर हात फिरवत बसले होते. तो आनंद मला सांगता यायचा नाही.

बारा दिवसांनी सकाळी फिरायला गेलो, तर कठडा उघडा. बाक उघडे, रोपटी उघडी. सारं विणकाम कापून कचऱ्याच्या गाडीत टाकलं होतं. मी तिथेच उघड्या बाकावर बसलो. निरोप गेल्यावर ताई आणि ओसरीवरच्या सगळ्या जणी आल्या. आठही जणींचे चेहरे उतरले होते, एक-दोघी तर रडत होत्या. ताई माझ्याजवळ बसल्या आणि म्हणाल्या, "सर, गेले ते टाके गेले. बोटं तं हायेत नं तुमच्यापाशी?"

मग आम्ही सगळे बागेची देखभाल पाहणाऱ्या अधिकाऱ्यांकडे गेलो. मला वाटलं, आता मोठं भांडण होणार. ताईंनी एवढंच विचारलं, "साहेब, काहून काढलं ते सांगा. राग नाही, पण समजलं पायजे."

साहेब तरुण होते, थोडे बावरले. त्यांनी ताईंना बागेत आणून एका रोपट्याचं खोड दाखवलं. घट्ट लोकरीखाली ओल धरून साल काळी पडली होती. ताईंनी तिच्यावरून बोट फिरवलं आणि म्हणाल्या, "चूक माही हाये. झाडाले हात लावाच्या आधी तुमाले विचारायले पायजे होतं."

एवढी मेहनत वाया गेल्यावर सर्वांदेखत चूक कबूल करायला मोठं मन लागतं. साहेबांचाही सूर बदलला. झाडं सोडून बाकी काय हवं ते सजवा, पण पावसाळ्याआधी उतरवा, असं त्यांनी सांगितलं. वाटेत ताई एकदम थांबल्या. "आपण कापसाच्या मुलखातली माणसं, अन् लोकर कायले आणून राहिलो?" दुसऱ्या दिवसापासून ओसरीवर सुती दोरा आला. दिवाळीला पुन्हा कठडा सजला आणि फीत कापायला ताईंनी त्याच साहेबांना बोलावलं.

पुढे अकोल्याहून बोलावणं आलं. तिथल्या एका बसथांब्यामागची भिंत सलीमभाई रंगवत होते. सलीमभाई जुने पाट्या रंगवणारे. फ्लेक्स आल्यापासून त्यांचा ब्रश कोरडा पडला होता. त्यांनी भिंतीवर कपाशीचं शेत काढलं आणि ताईंच्या मंडळींनी त्यात दोऱ्याची बोंडं टाचली. काम संपल्यावर सलीमभाई भिंतीकडे बघत म्हणाले, "आपा, बहुत दिनों बाद लगा के हम पेंटर हैं." ताईंनी डब्यातली पुरणपोळी त्यांच्यापुढे केली आणि डोळे पुसले. पोरीबाळी तिथे बससाठी उभ्या असतात, बोंडांना हात लावून बघतात, ते आम्ही रस्त्यापलीकडून चहा पीत पाहत बसलो. ती बस लवकर येऊ नये असं मला वाटत होतं.

आज मी सही करतो, भाजी चिरतो, नातीच्या वेण्या घालतो. डॉक्टर त्याचं श्रेय औषधाला देतात, त्यांना देऊ द्यावं.

ताईंची पंचाहत्तरी जवळ आली तेव्हा काय भेट हवी म्हणून विचारायला मी गेलो. त्यांनी माझ्या हातात मोजपट्टी दिली आणि मला रिक्षात घालून गावातल्या उड्डाणपुलाखाली नेलं. भर वाहतुकीत आम्ही एका खांबाचा घेर मोजला. बाकीचे खांब त्यांनी आधीच मोजून ठेवले होते. सगळ्या खांबांना झबली विणायची तर किती दिवस लागतील, याचं ओसरीवरच्या सगळ्यांचा वेग धरून मी गणित मांडलं: अकरा वर्षं आणि चार महिने.

"जमते," ताई म्हणाल्या, आणि तिथेच उभ्या उभ्या पिशवीतून दोरा काढून पहिली साखळी घातली.

त्या अकरा वर्षांत ताईंची नजर स्वच्छ राहो, गुडघे कुरकुर न करोत, बोटं अशीच चालोत. हा पूल पुरा होईल तेव्हा शेवटची गाठ मारायला त्याच हव्यात. आणि तोवर गावाला आणखी एखादा पूल बांधायची बुद्धी होवो.