चतुर्दशीला आलेलं पत्र

पितृपंधरवड्यातली चतुर्दशी आमच्या घरात सगळ्यांत कडक. शस्त्राने मेलेल्यांचं श्राद्ध त्या दिवशी करतात. आमचे एक पूर्वज, सत्तावनच्या उठावानंतर गोऱ्या पलटणी झाशीत शिरल्या तेव्हा, दतिया गेटाजवळ मारले गेले. प्रेतही मिळालं नाही. तेव्हापासूनचा नियम असा की त्या दिवशी सरकारची कुठलीही वस्तू उंबरठ्याच्या आत येत नाही. बाबा रेल्वेत कारकून होते. त्यांचा ऑफिसचा कोटसुद्धा त्या दिवशी देवडीतल्या खुंटीवर राही.

मला हा नियम प्राणाहून प्रिय होता. मी स्वातंत्र्याच्या चळवळीच्या पत्रकांवर वाढलेली मुलगी. झाशीच्या बडा बाजारातून ओल्या शाईची पत्रकं ओच्यात लपवून आणायची, पाठ करायची, पुढे द्यायची. आणि माझाच थोरला भाऊ सरकारच्या लष्करी अकादमीत शिकायला गेला होता! तो सुट्टीत घरी आला की आमचं त्यावरून रोजचं भांडण. फुप्फुसात पाणी झालं म्हणून त्याला घरी पाठवलं, तरी भांडण थांबलं नाही.

"काय गं, आज कोणाला हाकललंस देशातून?" दादा उशीवरून विचारी.

"तुझ्या साहेबाला. तू आधी नीट श्वास घे, मग भांडू."

डॉक्टरांनी हिवाळा सरेपर्यंत हलायचं नाही म्हणून बजावलं होतं. रजा मात्र त्याच्या कितीतरी आधी संपत होती. दादाने अकादमीच्या प्रमुखांना, एका इंग्रज ब्रिगेडियरला, रजा वाढवून मागितली. उत्तर येईना. आपलं नाव कापलं जाणार, असं त्याने मनाशी धरलं आणि बोलणं कमी केलं.

उत्तर आलं ते नेमकं चतुर्दशीला. बाबा सोवळ्यात होते. लिफाफ्यावरचा सरकारी शिक्का त्यांनी लांबूनच पाहिला.

"देवडीतल्या कोनाड्यात ठेव. उद्या उघडू."

"दादाला सांगू?"

"नको. सांगितलंस तर आत्ताच मागेल."

मी आनंदाने ठेवलं. त्यात नाव कापल्याचं लिहिलं असेल तर दादा आमच्याकडे परत आला, असा माझा हिशोब होता.

बाबा दक्षिणेकडे तोंड करून बसले होते, बोटात दर्भाचं पवित्रक, समोर पिंड मांडलेले. तेवढ्यात जिन्यावर बुटांचा आवाज आला. भिंत धरून दादा उतरत होता. अंगावर खाकी, तापाने चेहरा लाल. शेजारच्या मुलाकडून त्याने टांगा मागवला होता.

आई आडवी आली. "अरे, तुला जिना उतरवत नाही, गाडीत कसा बसणार?"

"आज निघालो तर रजा संपायच्या आत हजर होईन. नाहीतर गेलंच सगळं. आजारी पोराला कोण ठेवून घेतं, आई?"

"भैया, चलने होय तो चलो, नईं तो हम जात हैं!" बाहेरून टांगेवाला ओरडला.

दादाला खोकल्याची उबळ आली. तो शेवटच्या पायरीवर बसला. पुन्हा उठायला धडपडू लागला. मी बाबांकडे पाहिलं. श्राद्धाच्या मध्ये उठायचं नसतं. बाबा उठले.

"अहो, पिंड मांडलेत!" भटजी म्हणाले.

"गेलेले इतकी वर्षं थांबलेत, भटजी. घटकाभर थांबतील." मग मला म्हणाले, "ते पत्र आण. आत आण."

मी आणलं. आईला कळावं म्हणून मराठीत सांगत वाचू लागले. पत्र टंकलेलं नव्हतं, साहेबाने स्वतःच्या हाताने लिहिलं होतं. जागा राखून ठेवली आहे, बरे झालात की पुढच्या तुकडीत या, असं आधी होतं. पुढे होतं: "तुम्ही ताप लपवून कवायतीला उभे राहत होतात, हे मला उशिरा कळलं. पूर्वी एका मुलाने हेच केलं, आणि त्याच्या वडिलांना पत्र लिहिण्याची वेळ माझ्यावर आली. तसं पत्र मला पुन्हा लिहायचं नाही. डॉक्टर सांगेपर्यंत अंथरूण सोडू नये. हा हुकूम आहे."

कुठेतरी उर्मटपणा सापडेल म्हणून मी कागद उलटून पाहिला. मागची बाजू कोरी होती.

आज त्या साहेबाचं राज्य गेलं आहे. त्याला या देशात हुकूम सोडण्याचा अधिकार नव्हता, हे मी तेव्हाही म्हणत होते आणि आजही म्हणते. पण आईच्या विनवण्या, डॉक्टरांचं बजावणं, माझं भांडण, यातलं काही ज्याने ऐकलं नाही तो त्या कागदापुढे निमूट झाला. याचा मला राग येतो. दादा वाचला तो त्यामुळेच, हेही मला नाकारता येत नाही.

टांगा रिकामाच गेला. दादाला वाकून बूट काढवेनात, म्हणून मी खाली बसून नाड्या सोडू लागले. बाबा पुन्हा आंघोळीला विहिरीवर गेले. भटजींना सगळं पहिल्यापासून करायचं होतं.

"जागेचं काय लिहिलंय, ते परत वाच," दादा म्हणाला.

मी परत वाचलं.