चुकलेली पेनल्टी

"फॅमिली सोडून काहीही विचार," असं म्हणून कोच उजव्या हाताचा तळवा वर करायचे. चौकातला पोलीस गाडी थांबवतो तसा.

आता तुम्हीच सांगा, मग आपल्या माणसाने बोलायला सुरुवात तरी कुठून करायची? नवीन माणूस भेटला की आपण आधी गाव विचारतो, मग घरी कोण कोण असतं ते. कॅनडात हॅलिफॅक्सला आम्ही नव्याने राहायला आलो तेव्हा लिफ्टमध्ये मी त्यांना याच क्रमाने विचारलं. गावाचं म्हणाले, "ईस्ट जर्मनी. आता नकाशात नाही." पुढचा प्रश्न तोंडातून निघाला आणि तळवा वर आला. तळमजला येईपर्यंत आम्ही दोघं लिफ्टच्या बटणांकडे बघत राहिलो.

मी वसईचा. रविवारची मिस्सा संपली की चर्चमागच्या मैदानात फुटबॉल, ही आमची लहानपणापासूनची सवय. इथल्या हॉस्पिटलच्या लॅबमध्ये नोकरी लागल्यावर पहिल्याच उन्हाळ्यात मी रविवारी खेळणारी टोळी शोधून काढली. दोन मल्याळी नर्स, एक नायजेरियन टॅक्सीवाला, नेव्हीतून रिटायर झालेले दोघंतिघं. सगळ्यांची पोटं सुटलेली आणि सगळ्यांना वाटायचं की आपण अजून वीस वर्षांचे आहोत. मैदानाच्या कडेला थर्मास घेऊन आमच्या बिल्डिंगमधला तो लिफ्टमध्ये भेटलेला म्हातारा उभा असायचा. शिपयार्डमध्ये वेल्डर होते, आता रिटायर. बॉल बाहेर गेला की पायानेच परत द्यायचे, आणि तो बरोबर मागणाऱ्याच्या पायापाशी येऊन थांबायचा. त्यांनी आम्हाला कधी काही शिकवलं नाही. आम्ही आपलं उगाच त्यांना कोच म्हणायला लागलो आणि तेच नाव पडलं.

"स्कोअर विसर, बॉल बघ," एवढंच ते ओरडायचे. स्कोअर आमचा आम्हालाही आठवत नसे, ते सोडा.

त्यांची आणखी एक तऱ्हा होती. कुणाकडून काही घ्यायचे नाहीत. थंडीत आमची गाडी बर्फात रुतली की न सांगता फावडं घेऊन यायचे, अर्धा तास शोव्हल करायचे, आणि थँक्यू म्हणायच्या आत निघून जायचे. एका ख्रिसमसला माझ्या बायकोने, रिटाने, त्यांच्यासाठी स्वेटर घेतला. दुसऱ्या दिवशी तो स्वेटर पिशवीत घडी करून आमच्या दाराच्या मुठीला अडकवलेला. रिटा चिडली. पिशवी घेऊन तडक त्यांच्या दारात गेली. कोच दार अर्धवट उघडून उभे राहिले आणि अगदी अजिजीने म्हणाले, "प्लीज, प्रेझेंट नको. जेवायला बोलाव, येतो. प्रेझेंट नको."

मग ते जेवायला येऊ लागले. रिटा वसईच्या मसाल्यात हॅडॉक माशाचं कालवण करायची. कोचच्या डोळ्यांतून पाणी यायचं, नाक लाल व्हायचं, आणि ताट पुढे यायचं. "मोअर," म्हणायचे. आमची मुलगी इंग्रजीत हसायची आणि आम्ही मराठीत.

ही गोष्ट इथेच संपली असती तर एक गमतीदार शेजारी म्हणून मी त्यांना लक्षात ठेवलं असतं. पण एका रविवारी आम्हाला पेनल्टी मिळाली.

मिळाली म्हणजे काय, हात लागला असं चौघांनी ओरडून ठरवलं. कोण मारणार यावर वाद झाला. टॅक्सीवाला हसत म्हणाला, "कोचला मारू दे!" सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. दोघांनी त्यांना हाताला धरून आत आणलं, बॉल पुढ्यात ठेवला. कोच त्या बॉलकडे बघत राहिले. चेहरा राखेसारखा झाला. मग ते वळले आणि चालत मैदानाबाहेर गेले, रस्ता ओलांडून, मागे न बघता. थर्मास आणि जॅकेट गवतावरच राहिलं.

दुपारी मी ते घेऊन त्यांच्याकडे गेलो. त्यांनी मला आत बसवलं, कॉफी केली आणि आपणहून सांगायला लागले.

त्यांचं गाव सूतगिरणीचं. गिरणीचा फुटबॉल क्लब होता, कोच त्याचे सेंटर फॉरवर्ड. दिवसा मशीनवर, संध्याकाळी मैदानावर. त्या देशात राजधानीतला एक क्लब गुप्त पोलिसांचा होता. पोलिसांचा सर्वांत मोठा साहेब स्वतः मॅचला येऊन बसायचा, आणि तो क्लब हरलेला त्याला आवडायचा नाही. रेफरींना ते ठाऊक होतं, लोकांनाही ठाऊक होतं. तरी गिरणीचा संघ एका वर्षी कपच्या सेमीफायनलपर्यंत गेला आणि समोर तोच क्लब आला. मॅच गिरणीच्या गावात. अख्खं गाव मैदानावर.

"मॅचच्या आधी ड्रेसिंग रूममध्ये एक माणूस आला," कोच म्हणाले. "फार सभ्य. आवाज चढवला नाही. एकेकाजवळ बसला आणि घरची चौकशी केली. तुझी आई कशी आहे? बायकोला कितवा महिना? माझ्याजवळ आला, खांद्यावर हात ठेवला. म्हणाला, तुझा धाकटा भाऊ मेडिकलला आहे ना? हुशार मुलगा. परीक्षा जवळ आली असेल. सांभाळ त्याला."

"आणि?"

"आणि काही नाही. बेस्ट ऑफ लक म्हणून गेला. हरा असं कुणीच म्हणालं नाही."

पाऊस पडत होता. मॅच बरोबरीत होती आणि अगदी शेवटी गिरणीच्या संघाला पेनल्टी मिळाली. कुठल्या रेफरीत तेवढी छाती होती कोण जाणे. कोच पेनल्टी कधी चुकवत नसत. त्यांनी बॉल ठेवला. बॉल खांबाच्या बाहेरून गेला. जादा वेळेत पोलिसांचा संघ जिंकला.

मी विचारलं, म्हणजे विचारायला नको होतं, पण तोंडातून गेलं. "मुद्दाम मारलीत बाहेर?"

त्यांनी कप खाली ठेवला. "तेच तर मला माहीत नाही. चिखल होता. पळत गेलो, टेकलेला पाय थोडा सरकला. सरकला की मी सरकवला? त्या क्षणी माझ्या डोक्यात काय होतं? गोल होता, की भाऊ होता? इतकी वर्षं मी रोज तिथे जाऊन उभा राहतो. काही दिसत नाही."

त्यानंतरच्या आठवड्यात तोच सभ्य माणूस त्यांच्या घरी आला. राजधानीतल्या फ्लॅटची किल्ली टेबलावर ठेवून म्हणाला, तुझी बदली आमच्या क्लबात झाली आहे. नाही म्हणायची सोय नव्हती. किल्ली दिसली आणि गावाला जे समजायचं ते गाव समजलं. सकाळी उंबऱ्यावर कुणीतरी पांढऱ्या रंगाचा गोल ठिपका काढून ठेवला होता, पेनल्टीचा असतो तसा. आईने घासून काढला. दुसऱ्या दिवशी पुन्हा होता. राजधानीत त्यांना बाकावर बसवून ठेवलं, खेळवलंच नाही.

भाऊ डॉक्टर झाला आणि त्याच गावात दवाखाना काढून बसला. पण आईच्या दफनानंतर तो कोचशी बोलला नाही. बर्लिनची भिंत पडली, देश गेला, आणि कोच वेल्डिंगचं काम शोधत इकडे आले.

मला स्वेटर आठवला. तो तळवाही आठवला.

दोन वर्षं अशीच गेली. रविवारी ते पुन्हा येऊन उभे राहू लागले, आणि मैदानावर कुणी पेनल्टीचं नाव काढलं की आम्ही सगळे एकदम फ्री किक, फ्री किक म्हणून ओरडायचो. कारण फक्त मला माहीत होतं.

मग एका सप्टेंबरात मैदानाच्या कडेला एक उंच मुलगी येऊन उभी राहिली. इथल्या युनिव्हर्सिटीत एका सेमिस्टरसाठी आली होती. थेट कोचसमोर गेली आणि जर्मनमध्ये काहीतरी म्हणाली. कोचचा तळवा आपोआप वर आला. नेहमीचं वाक्य त्यांनी इंग्रजीतच म्हटलं, "फॅमिली सोडून काहीही विचार."

मुलगी म्हणाली, "मीच फॅमिली आहे."

भावाची मुलगी. कोच तिच्याकडे बघत राहिले. हात वरचा वरच राहिला. शेवटी तिनेच तो धरून खाली घेतला.

तिच्या वडिलांना, म्हणजे डॉक्टर भावाला, बरं नव्हतं. त्यांना एकच गोष्ट विचारायची होती. कोच म्हणाले, एकट्याने मला जमणार नाही. म्हणून पुढच्या रविवारी, मिस्सा झाल्यावर, आमच्या स्वयंपाकघरात टेबलावर लॅपटॉप ठेवला. रिटा आमच्या मुलीला घेऊन बाहेर गेली. स्क्रीनवर एक म्हातारा आला, कोचचंच नाक, कोचचीच हनुवटी. पुतणी माझ्याशेजारी बसून हळू आवाजात मला इंग्रजीत सांगत होती.

डॉक्टरांनी तोंड स्क्रीनच्या अगदी जवळ आणलं. मग डॉक्टर म्हणाले, "म्हातारा झालास."

"तूही."

"मला एकच सांग. ती पेनल्टी तू माझ्यासाठी चुकवलीस का?"

उत्तराची वाट न बघता डॉक्टर पुढे बोलू लागले.

"प्रत्येक पेशंटची नाडी धरताना मला वाटायचं, हा हात माझा नाही. गावाची मॅच देऊन तू मला आणून दिलाय. लोक दवाखान्यात यायचे, औषध घ्यायचे आणि माझ्याकडे तसंच बघायचे. तुझ्याशी काय बोलणार होतो मी? थँक्यू म्हणणार होतो, की का केलंस म्हणणार होतो?"

मी कोचकडे बघत होतो. त्यांनी दोन्ही हात टेबलावर पालथे ठेवले होते.

"पाय घसरला," कोच म्हणाले.

"खरं सांग."

"चिखल होता. टेकलेला पाय घसरला. तुझा विचारच मनात नव्हता. मला गोल करायचा होता, आणि मी पडता पडता बॉल बाहेर मारला. बस. इतकंच झालं."

"आईची आठवण ठेवून सांग."

"आईची आठवण ठेवून सांगतो."

डॉक्टरांनी चष्मा काढला. डोळे पुसले, हसले, पुन्हा पुसले. पुतणीचं भाषांतर थांबलं होतं.

फोन संपल्यावर ती तोंड धुवायला वॉशरूममध्ये गेली. मी कोचना पाणी दिलं. म्हटलं, "तुम्ही तर मला म्हणाला होतात, माहीत नाही म्हणून."

"मघापर्यंत माहीत नव्हतं," कोच म्हणाले. "आजपासून पाय घसरला होता." त्यांनी पाणी पिऊन ग्लास बाजूला सारला. "त्याला झोप लागू दे. मला जागायची सवय आहे."

वसंत आला तसे ते गावी गेले, भावाकडे. महिनाभर म्हणून गेले होते, राहिलेच. आजारी भाऊ बरा झाला आणि हेच थकले. उन्हाळ्याच्या शेवटी त्यांचं हृदय बंद पडलं. भावाने नाडी धरलेली होती म्हणे.

पुतणीने मला फोन करून दफनाचं सांगितलं. घरची चार माणसं आणि फादर, एवढेच होते. फादर प्रार्थना सुरू करणार तेवढ्यात तिचं लक्ष गेलं. स्मशानाच्या फाटकाबाहेर काही म्हातारे उभे होते. गिरणीच्या संघातले, जे अजून हयात आहेत ते. आले होते, पण आत येत नव्हते.

डॉक्टर काठी टेकत फाटकापर्यंत गेले. त्यांनी आवाज चढवला नाही, पण सगळ्यांना ऐकू गेलं. "पाय घसरला होता त्याचा. मला त्याने स्वतः सांगितलं."

मग एकजण आत आला. त्याच्यामागे दुसरा, मग बाकीचे. खड्ड्याभोवती येऊन उभे राहिले, एकमेकांना धरून, जमीन ओली होती म्हणून.

एक मात्र फाटकाशीच थांबला. त्यांचा जुना कॅप्टन. टोपी काढून हातात धरली होती त्याने. माती लोटून संपेपर्यंत तो आत आला नाही, आणि गेलाही नाही.