मायनं मागितलेली प्रार्थना

माझं तोंड तिखट. अकोल्यात ज्या शाळेत मी तीस वर्षं शिकवलं, तिथला शिपाईसुद्धा हे सांगेल. पण आयुष्यातलं सगळ्यात वाईट बोलणं मी एकही तिखट शब्द न काढता बोलले, मायच्या उशाशी बसून.

आजोबांनी छप्पन साली बौद्ध धम्माची दीक्षा घेतली आणि घरातले देव पूर्णा नदीत सोडून दिले. वर बसून कोणी आपलं भलं करत नाही, तपासून पटेल तेच मानायचं, हे आम्हा दोघी बहिणींना पाढ्यांसोबत शिकवलं गेलं. धाकटी अमरावतीला नर्स झाली. तिनं ख्रिस्ती माणसाशी लग्न केलं, त्याचं मला काही वाटलं नाही. चार वर्षांनी स्वतःहून बाप्तिस्मा घेतला, त्याचं मात्र वाटलं. एवढ्या मुश्किलीनं घराबाहेर काढलेले देव, आणि ही बया पुन्हा एक घेऊन आली! मी तिच्याशी बोलणंच टाकलं.

मायच्या हाडांत कॅन्सर उतरला तेव्हा धाकटी दर शनिवारी एसटीनं येऊ लागली. पहिल्याच दिवशी मी दारात अट घातली. मायचं काय करायचं ते कर, पण या घरात प्रार्थनेचा एक शब्द काढायचा नाही. तिनं मान हलवली. मायचं अंग पुसायची, कूस बदलून द्यायची, ज्वारीच्या कण्या पातळ करून चमच्यानं भरवायची. जेवणाआधी डोळे मिटायची सवयसुद्धा तिनं आमच्याकडं मोडली. मला जिंकल्यासारखं वाटायचं, खोटं काहून बोलू?

एकदा भांडी घासताना मी तिला डिवचलंच. मेलेला माणूस तिसऱ्या दिवशी उठला, हे पटतं का तुला, चांगली शिकलेली तू? ती म्हणाली, काही दिवस पटतं, काही दिवस नाही पटत. नाही पटत त्या दिवशीही मी त्याला हाक मारते. मी हसले. जे पटत नाही त्याला हाक मारायची, हे कुठलं शहाणपण? मग वर्गात सांगावं तसं मी तिला सांगितलं, की आपल्याकडंही श्रद्धा आहे, पण ती वैद्यावर ठेवावी तशी. औषध घेऊन पाहायचं, गुण आला तर आणखी भरवसा ठेवायचा. ती ताटं विसळत राहिली.

शेवटच्या शनिवारी दुपारी गोळ्यांचा काही उपयोग होईना. माय सारखी कण्हत होती. एकाएकी तिनं धाकटीचा हात धरला.

"तुह्या येशूचं ते म्हन नं वं पोरी."

माय मागं तिच्याकडं अमरावतीला महिनाभर राहून आली होती, तेव्हा ऐकलं असणार. धाकटीनं माझ्याकडं पाहिलं.

मी म्हणाले, "माय, वाचवाले कोनी येत नाही. तुलेही मालूम आहे."

"वाचवाले कोन म्हन्ते?" माय म्हणाली. "ते म्हनलं का कोनी जवळ बसल्यावानी वाटते."

निदान हे ऐकून तरी मी उठून बाहेर जायला हवं होतं. मी त्रिशरण सुरू केलं. विहारात म्हणते तसं, खणखणीत, तीनदा. बुद्धाला शरण जाते, धम्माला शरण जाते, संघाला शरण जाते. कुठलं शरण! मला फक्त माझी बाजू राखायची होती. मायनं भिंतीकडं मान फिरवली. धाकटीनं आपला हात सोडवला नाही आणि ओठही उघडले नाहीत. रविवारी सकाळी माय गेली.

अग्नी दिला. भंतेजी आले, वंदना झाली, दोन आठवड्यांनी धाकटी पुन्हा आली, मायच्या नावानं पुण्यानुमोदनाचं जेवण झालं. पाहुणे गेल्यावर मी धाकटीला विचारलं, माझं कशाला ऐकलंस? मायनं मागितलं होतं. मला बाजूला ढकलायचं आणि म्हणायचं.

"तुले भ्याली मी, ताई," ती म्हणाली. "मायच्या शेवटच्या टायमाले तू मले घराबाहेर काढशीन म्हनून."

काढलं असतं, मला माहीत होतं. मग तिनं सांगितलं, की आता तिला शंका येत नाही. येशू आहे, तो उठला, सगळं पक्कं पटतं. पण हाक मारता येत नाही. तोंड उघडलं की मायनं धरलेला हात आठवतो. चर्चमध्ये सगळ्यांसोबत नुसते ओठ हलवते.

जन्मभर मला हेच तर हवं होतं. तिची हाक गेली होती आणि नुसतं पटलेलं तेवढं उरलं होतं, माझ्यासारखं. मला माझीच किळस आली. मी तिचा हात धरला आणि म्हणाले, आता म्हण. मी बसते जवळ. मायसाठी म्हण.

"मायले तवा पायजे होतं," ती म्हणाली, आणि अमरावतीची गाडी सुटेल म्हणून पिशवी उचलली.