संदर्भ : आवक क्रमांक २१४

आमची संस्था आजारी माणसाला लागणाऱ्या वस्तू वापरायला देते. वॉकर, कुबड्या, चाकाची खुर्ची, कमोडची खुर्ची, पाण्याची गादी. अनामत भरायची, वस्तू न्यायची. पेशंट बरा झाला की किंवा गेला की वस्तू परत करायची आणि अनामत घेऊन जायची. कसबा पेठेतल्या एका बोळात तळमजल्यावर आमची एक खोली आहे. निम्म्या खोलीत सामान, उरलेल्या जागेत एक टेबल, दोन खुर्च्या आणि लोखंडी कपाट. मी सचिव. देणगीदारांच्या पत्रांपासून गाद्या धुवायच्या साबणापर्यंत सगळं माझ्याकडे. हिशेब तेवढे काकांकडे.

काका बँकेतून निवृत्त झालेले. अकरा वर्षं दर मंगळवारी आणि शुक्रवारी कात्रजहून बसने यायचे. मानधन घ्यायचे नाहीत, संस्थेचा चहासुद्धा नाही. स्वतःच्या चहाचे पैसे स्वतः द्यायचे. टेबलाच्या उजव्या बाजूला एक ट्रे होता. त्यात पडलेला प्रत्येक कागद ते आवक नोंदवहीत चढवायचे, कोपऱ्यात क्रमांक टाकायचे आणि फाइलला लावायचे. एकदा माझ्या पुतणीच्या लग्नाची पत्रिका ट्रेमध्ये राहिली, तर तिलाही क्रमांक पडला. मी हसले, तेव्हा म्हणाले, "बाई, कागद आला म्हणजे आला. तो महत्त्वाचा की बिनमहत्त्वाचा, हे ठरवायला लागलो की मग फाइल राहत नाही."

दुसरी सवय लाल पेन्सिलीची. मूळ पावतीशी ताडून पाहिलेल्या आकड्यापुढे ते बरोबरची बारीक खूण करायचे. खूण असली की कुणी पुन्हा बघायचं नाही.

त्या वर्षी ऑडिटरने स्पष्ट सांगितलं, हिशेब आता कॉम्प्युटरवर पाहिजेत, आणि ऑडिट सप्टेंबरअखेर पूर्ण झालंच पाहिजे. नाहीतर देणगीदारांना मिळणारी करसवलत अडचणीत येईल. आमच्या मोठ्या देणग्या त्या सवलतीवरच येतात. त्या थांबल्या तर खोलीचं भाडं निघालं नसतं. हे मी काकांना सांगितलं. त्यांनी कानामागे हात धरून ऐकून घेतलं आणि म्हणाले, "वही आहे ना. बघू दे त्यांना वही."

मग मी त्यांना न सांगता दुसरं माणूस शोधायला लागले. हे लिहितानासुद्धा बरं वाटत नाही, पण तसंच झालं. ओळखीच्या एका सीएने "बघतो" म्हटलं आणि अजून बघतो आहे. कॉमर्स कॉलेजच्या नोटीस बोर्डावर चिठ्ठी लावली. दोघे आले, दोघांनाही अनुभवाचं सर्टिफिकेट आधी हवं होतं. एका निवृत्त कारकुनांनी खोलीकडे नजर टाकून विचारलं, "संस्था एवढीशी, मग हिशेब एवढा मोठा कशाला ठेवलात?" एका बाईंनी सांगितलेला महिन्याचा आकडा आमच्या भाड्याहून जास्त होता. शेवटी वाघोलीची एक तिशीतली बाई मिळाली. एका गोदामात हिशेबाची नोकरी करायची, शनिवारी यायला तयार होती. तिच्या सासऱ्यांना आमची पाण्याची गादी आठ महिने होती, म्हणून.

आता काकांना सांगायचं उरलं होतं. मला कुठलंही अवघड काम कागदावर मांडल्याशिवाय करता येत नाही. एका पाठकोऱ्या कागदावर लिहिलं :

१. ऐकू कमी येतं.
२. एकच गोष्ट तीनतीनदा सांगतात.
३. कॉम्प्युटरला हात लावत नाहीत.
४. पैसे घेत नाहीत, त्यामुळे बोलता येत नाही.
५. कोण सांगणार? मीच. या शुक्रवारी.

शुक्रवारी सांगितलं नाही. त्यांनी येताना घरच्या करंज्या आणल्या होत्या. पुढच्या मंगळवारी एक बाई वॉकर परत करायला आल्या आणि रडायला लागल्या, तेव्हाही राहिलं. नंतरच्या शुक्रवारी मला देणगीदाराकडे जावं लागलं. संध्याकाळी परत आले तर टेबल आवरलेलं, कपाटाची किल्ली शाईच्या पॅडवर, आणि खाली दुमडलेलं पत्र. कोपऱ्यात आवक क्रमांक २१५.

"विषय : हिशेबाच्या कामातून मुक्त होण्याबाबत. संदर्भ : आवक क्रमांक २१४." खाली दोन ओळी आणि सही.

२१४ म्हणजे काय, म्हणून मी फाइल उघडली. माझी यादी होती. मी घाईत ती ट्रेमध्ये टाकून गेले होते. नीट भोकं पाडून लावली होती. पहिल्या चारही मुद्द्यांपुढे लाल पेन्सिलीची खूण होती. पाचव्यापुढे नव्हती.

मी खुर्चीत बसले. मग उठून चाकाच्या खुर्च्या पुसल्या. त्या आदल्याच दिवशी पुसलेल्या होत्या.

फोन केला नाही. काय बोलणार होते? शनिवारी वाघोलीची बाई आली आणि कामाला लागली. दोन शनिवारांत तिने वर्षाचा खर्च चढवला. तिसऱ्या शनिवारी अनामतीच्या वहीवर अडकली.

"ताई, हे गोल कसले हायेत?"

सात नोंदींपुढे पेन्सिलीने छोटा गोल काढलेला होता. वस्तू परत आली होती, तारीख होती. अनामत परत दिल्याची सही नव्हती, देणगी म्हणून जमाही नव्हती.

"मला माहीत नाही," मी म्हणाले.

"मग कुणाला माहीत? मी हे टाकू कुठं? येणं नाही, देणं नाही. ऑडिटवाले मलाच विचारणार." मग म्हणाली, "आधीच्या काकांना एक फोन लावा की. एवढं काय त्यात?"

ऑडिटरने तेच सांगितलं. या सातांचा लेखी खुलासा आल्याशिवाय सही नाही. सप्टेंबरचे अकरा दिवस उरले होते. गणपतीचे मांडव अजून निघाले नव्हते, बोळातून स्कूटरही जात नव्हती. मी वही आणि फाइल पिशवीत घातली, चालत मोठ्या रस्त्यापर्यंत गेले आणि कात्रजची बस पकडली.

दार सुनेने उघडलं. "बाबा, तुमच्या ऑफिसातल्या बाई," तिने मोठ्याने सांगितलं. काका जेवणाच्या टेबलाशी पेपर वाचत होते. इस्त्रीचा शर्ट. मंगळवार होता.

"बसा. काम काय?"

मी वही उघडून गोल दाखवले. त्यांनी चष्मा वर करून माझ्याकडे बघितलं.

"सचिव कोण आहे संस्थेचा?"

"मी."

"अकरा वर्षं?"

"हो."

"माणूस गेला की घरचे वॉकर आणून ठेवतात. अनामत घ्या म्हटलं की म्हणतात, राहू दे, आता काय करायचंय. आणि जातात. तोंडी. देणगी म्हणून जमा करायला त्यांची सही लागते. ती तेराव्याच्या आत मागायची? मी वर्षश्राद्ध होऊ देतो. मग त्यांच्या घरी जातो. सही मिळाली की गोल खोडतो." बोट वहीवर ठेवून म्हणाले, "हे सात राहिलेत. पाच जणांचं वर्ष झालंय. दोघांचं व्हायचंय, त्यांना हात लावू नका. ऑडिटरला तसं लिहून द्या, चालतं."

"काका, हे मला कधी—"

"सांगितलं. पहिल्यांदा गोल काढला तेव्हा. मग तुम्ही कपाटाला रंग दिलात तेव्हा. आणि या जूनमध्ये. तुम्ही दरवेळी 'हो हो' म्हणालात आणि यादीत दुसरंच काहीतरी लिहीत होतात." ते हसले नाहीत. "तुमच्या दुसऱ्या मुद्द्यापुढे खूण केलीय मी. बरोबर आहे तो. तीनदाच सांगितलं."

सुनेने चहा आणून ठेवला. तिला काही माहीत नसावं. "बाबा सारखी वाट बघत होते कुणी येतंय का," असं म्हणाली आणि आत गेली. काका तेवढं ऐकूच आलं नाही असं दाखवत राहिले.

मी म्हणाले, "काका, माझं चुकलं."

"ते राहू दे. माझ्या पत्राला उत्तर नाही आलं. अठरा दिवस झाले. पत्र आलं की जावक पत्र जातं. मुक्त केलं की नाही, मला काय कळणार? मंगळवार-शुक्रवार सकाळी तयार होऊन बसतो मी."

मला वाटलं होतं राजीनामा म्हणजे ते आपणहून गेले, माझं सांगायचं टळलं. मी विचारलं, "परत याल?"

"मी काय विचारलं, बाई?"

मी पिशवीतून कोरा कागद काढला. त्यांच्यासमोर लिहायला हात तयार होईना. मग कागद बाजूला ठेवला आणि तोंडानेच सांगितलं. ऐकू जावं म्हणून मोठ्याने सांगावं लागलं, सुनेलाही ऐकू गेलं असेल. "काका, हिशेब आता कॉम्प्युटरवर जाणार. तुमच्याकडून ते होणार नाही. मी दुसरं माणूस नेमलंय. तुम्हाला विचारायच्या आधीच नेमलं."

"ठीक," ते म्हणाले. "फाइल आणलीय?"

मी दिली. त्यांनी २१४ काढला, ड्रॉवरमधून पेन्सिल शोधली आणि पाचव्या मुद्द्यापुढे खूण केली. मग फाइल बंद करून माझ्याकडे सरकवली. "मुक्ततेचं पत्र पोस्टाने पाठवा. साधं चालेल."

खुलासा त्यांनी स्वतःच्या अक्षरात लिहून दिला. पाच घरी मी गेले. चौघांनी लगेच सही केली. पाचवं घर नारायण पेठेत, तिसऱ्या मजल्यावर. बाईंनी सही करता करता विचारलं, "ते काका नाही आले? उन्हाळ्यात आले होते एकदा. पाणी प्यायले, ह्यांच्या फोटोला नमस्कार केला आणि गेले. कशाला आले होते ते बोललेच नाहीत. बरे आहेत ना?"

"बरे आहेत," मी म्हणाले. उन्हाळ्यात वर्ष व्हायला दीड महिना कमी होता, हे मी वहीत बघितलं होतं. सहीसाठी ते गेलेच नव्हते.

"त्यांना सांगा, एकदा जेवायला या म्हणावं."

ऑडिट अठ्ठावीस तारखेला पूर्ण झालं. वाघोलीची बाई अजून दर शनिवारी येते. काकांना मुक्ततेचं पत्र मी पोस्टाने पाठवलं, साधं. २१४ फाइलमध्येच आहे; ऑडिटरचं बोट दरवर्षी तिथे थांबतं आणि पुढे जातं.

नारायण पेठेतल्या बाईंचा निरोप मी जिन्यातच यादीत लिहून घेतला होता. प्रत्येक नव्या यादीत तो पुन्हा उतरवते. त्याच्यापुढे अजून खूण नाही.