फुलाच्या कडेची फ्रेम

लाकडाची कड घडवणं ही माणसाला सुसंस्कृत करणारी कला आहे. हे वाक्य माझं नाही. पांढरकवड्यात चाचांच्या फर्निचरच्या दुकानाचं उद्घाटन करायला आलेल्या पाहुण्यांचं आहे. त्यांनी फीत कापली, नाश्ता केला आणि ते गेले. कला चाचांकडे राहिली.

कापसाच्या जिनिंगमधली माझी कारकुनी सुटली तेव्हा चाचांनी मला हाताशी घेतलं. त्यांनी टेबलाखाली राउटर, म्हणजे लाकडाची कड कोरायचं मशीन, उलटा बसवला होता. वरच्या भोकातून त्याचं फिरणारं पातं, म्हणजे बिट, डोकावे. लाकूड त्याला लावून सरकवलं की कडेला गोलाई, खोबण किंवा फुलं उमटत. चाचांनी आधीच बजावलं होतं की लाकूड बिटाच्या फिरण्याविरुद्ध ढकलायचं, नाहीतर ते हातातून ओढून नेतं. आणि अरुंद पट्टी मशीनवर घालायचीच नाही. आधी रुंद फळीच्या कडेला नक्षी काढायची, मग ती कड करवतीनं कापून पट्टी करायची. हात लांब राहतात.

त्या वर्षांत कापसाचे भाव पडले तशी लग्नातले दिवाण आणि ड्रेसिंग टेबलं थांबली. फोटोच्या फ्रेमी थांबल्या नाहीत. माणूस कशानं गेला, हे आम्ही विचारत नसू.

एका दुपारी मुकुटबनकडचा एक जण भावाचा फोटो घेऊन आला. कुणाच्या तरी लग्नातल्या घोळक्यातून चेहरा कापून मोठा केलेला; खांद्यावर दुसऱ्याच कुणाचा हात तसाच राहिला होता.

“उद्या साहेब येऊन राह्यले सांत्वनाले. फोटोले हार घालतीन. आजच पाहिजे चाचा, फुलाच्या कडेची.”

दुकानात रुंद फळी नव्हती. साध्या पट्ट्या तेवढ्या उरल्या होत्या.

“साधी देतो भाऊ, रंधा मारून,” चाचा म्हणाले. “पट्टी मशीनवर नाही घालत मी. बोट जाते.”

“साधी कायले?”

“साहेब फोटो पाहाले येऊन राह्यले का फ्रेम?”

“साहेबाले काय दिसते, चाचा! सोयरे पाहतात. म्हणतीन, जिता होता तवा भावानं काही केलं नाही, मेल्यावरही साधी पट्टी ठोकली.”

चाचांनी चष्मा पुसला आणि बिट घट्ट आवळलं. तीन पट्ट्या नीट निघाल्या. चौथीत गाठ होती. बिटानं ती पकडली, पट्टी निसटून भिंतीवर आदळली, आणि ती दाबून धरणारा चाचांचा डावा हात बिटावर गेला.

मी मशीन बंद केलं. तो माणूस भिंतीला टेकून म्हणत होता, “साधीच द्या चाचा, साधीच द्या.”

सरकारी दवाखान्यात तर्जनीचं जे उरलं होतं तेही काढावं लागलं. फ्रेम मी पुरी केली: तीन बाजूंना फुलं, एक साधी. साहेब आले. त्यांचा हार एवढा मोठा होता की चारही बाजू त्याखाली गेल्या आणि अर्धा चेहराही.

चाचांनी त्यानंतर राउटर लावला नाही. लाकूड धरायला तेच बोट लागतं, म्हणत. पुढे खुर्च्या विणू लागले, तेही हळूहळू.

पुढच्या निवडणुकीत मी त्यांच्यामागेच रांगेत होतो. शाई लावणाऱ्या बाईंनी त्यांचा डावा हात उलटसुलट करून पाहिला आणि मधल्या बोटाला शाई लावली. तर्जनी नसेल तर दुसरं बोट चालतं. नियमात तशी सोय आहे.