माळावरचे कंदील

बोथ गावच्या बाजारात रेणुकाबाईंची वांगी आणि मेथी सगळ्यांच्या ओळखीची. त्यांची मुलगी सुवर्णा मात्र जे कुणी पेरत नाही, त्याच्या मागे. कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवायची आणि सुट्टी मिळाली की नेरडीगोंड्याकडच्या सागवानात शिरायची. पोरीला एकटीला कसं पाठवायचं, म्हणून रेणुकाबाईही सोबत निघायच्या.

भाद्रपदातल्या एका सकाळी दोघी जंगल ओलांडून खडकाळ माळावर पोचल्या. धुकं गवतावर टेकलं होतं आणि त्यात फिकट हिरवे कंदील उभे होते. लांबट नळी, वर जांभळ्या पाकळ्यांचा पिंजरा. कंदीलपुष्पं सुवर्णानं बरीच पाहिली होती, पण पाकळ्या अशा पिळून एकमेकींत गुंफलेलं एकही नाही. एक बारीक माशी आत उतरली आणि नळीतल्या केसांनी तिची परतीची वाट अडवली. सुवर्णा पालथी पडून बघत राहिली, ऊन डोक्यावर आलं तरी. दुसऱ्या दिवशी दोघी पुन्हा आल्या, तेव्हा फूल झुकलं, केस सुकले आणि माशी पराग घेऊन उडून गेली.

तिनं नागपूरला आपल्या जुन्या सरांना, केशवरावांना फोटो पाठवले. त्यांनी जुने वाळवलेले नमुने काढून ताडून पाहिले आणि फोन केला. अशी वनस्पती कुठंच नोंदलेली नव्हती. पण नव्या जातीचं वर्णन नुसत्या फोटोवर होत नाही. फुलाशेंगांसकट, शक्यतो कंदासकट, खरा नमुना दाबून, वाळवून ठेवावा लागतो.

सगळा माळ धुंडाळला, तरी झाडं मोजकीच निघाली. सुवर्णा खुरपं घेऊन जायची आणि रिकाम्या हातानं परतायची. झोपेत तिला माळ उजळलेला दिसे. ती हात लावी, आणि एकेक कंदील विझत जाई.

"काऊन अशी गप बसून राह्यली वं?" एकदा रेणुकाबाईंनी विचारलं.

"माय, त्याले जगाले दाखवाचं म्हनजे मारावं लागते."

रेणुकाबाईंनी मेथीची जुडी बांधून टोपलीत ठेवली. मग म्हणाल्या, "मेथी आपन उपटतो. वालाच्या शेंगा तोडतो, वेल राह्यते. मूळ राहू दे त्याचं."

हे सुवर्णाला ठाऊक नव्हतं असं नाही. कुणीतरी म्हणायला हवं होतं.

शेंगा धरेपर्यंत दोघी थांबल्या. मग सुवर्णानं फूल आणि शेंग असलेली एकच फांदी कापली. बोटांनी माती उकरून कंद पाहिला, मापला, त्याचं चित्र काढलं आणि पुन्हा मातीत झाकला. रेणुकाबाईंनी बाटलीतलं पाणी वर शिंपडलं. तेवढ्यात शेजारची एक शेंग उकलली. रेशमी झुबक्यांच्या बिया उन्हात तरंगत निघाल्या, इतक्या सावकाश की वारा झोपेतच चालतोय असं वाटावं. दोघी मायलेकी त्या दिसेनाशा होईपर्यंत उभ्या राहिल्या.

फांदी दाबून, वाळवून नागपूरला गेली; नव्या जातीवरचा लेख छापून यायला मात्र वर्ष उलटलं. नाव ठेवताना सुवर्णानं धुक्याचा लॅटिन शब्द निवडला. रेणुकाबाईंना तो काही म्हणता आला नाही, पण अर्थ कळल्यावर त्या खूश झाल्या.

नागपूरला जाऊन सुवर्णानं कागदावर चिकटवलेली फांदी पाहिली. जांभळा रंग उडून तपकिरी झाला होता. घरी परतल्यावर दुसऱ्याच दिवशी ती आईला घेऊन माळावर गेली. कंद झाकला होता तिथून दोन पानं वर आली होती. फूल नव्हतं. रेणुकाबाईंनी वाकून बोटाच्या टोकानं पानावरची माती पुसली.