काकीनं टाकलेला शब्द

बोंबील सुकवणाऱ्या आमच्या शेजारच्या काकीनं मला वाचवलं, हे आधी सांगते. काल इथं हैदराबादच्या बाजारात सुक्या मासळीचा वास आला आणि काशीदजवळचं आमचं गाव आठवलं. बांबूच्या वलांडीवर, जबड्यात जबडा अडकवून, जोडीजोडीनं टांगलेले बोंबील उन्हात चकाकायचे. होड्यांमधलं डिझेल चोरताना सापडलेला माझा बाप तेव्हा तुरुंगात होता, आठवीतच माझी शाळा सुटली होती, आणि त्या दुपारी भुकेपोटी मी काकीच्या वलांडीवरच्या चार जोड्या काढून ओढणीत लपवल्या. वाटेतच बायकांनी धरलं. "खाण तशी माती," एक म्हणाली, "बापानं डिझेल नेलं, हिनं म्हावरं." दुसरी पोलीस पाटलाला बोलवायला निघाली. तेवढ्यात काकी आली, ओढणीत डोकावली आणि शांतपणे म्हणाली, "मीच दिलेत तिला. चोर न्हाय ती." गिऱ्हाइकालासुद्धा शिळी मासळी ताजी म्हणून न सांगणारी ही बाई माझ्यासाठी सगळ्यांसमोर खोटं बोलली. बायका पांगल्यावर काकी हळूच म्हणाली, "अर्धे ओलेच काढलेस गो, येडे. सकाळपर्यंत कुजले असते. उद्यापासून कामाला ये, शिकवते." तिच्याकडं शिकलेल्या कामाच्या जोरावर आज इथल्या एका वसतिगृहाच्या कोठीची चावी माझ्याकडं असते. काही सापडेना झालं की अजून वाटतं, आळ माझ्यावरच येणार, पण लोक मलाच चावी मागतात. काकीला एकदा इथं आणणार आहे. आठ दिवस तिला गरम गरम वाढीन, आणि ताटावरून उठू देणार नाही.